आवाज जायच्या आदल्या दिवशी

टूटू, तुमच्या घरात आता एक तरुण जोडपं राहतं. मागच्या वर्षी त्यांनी आपल्या दोघींच्या स्वयंपाकघरांमधल्या भिंतीला त्यांच्या बाजूने साउंडप्रूफिंग करून घेतलं. आधी दारावर येऊन रीतसर विचारलं, दोनतीन दिवस आवाजाचा त्रास होईल, चालेल ना. मी हो म्हटलं. तीन दिवस ड्रिल चालू होतं, आणि चौथ्या दिवसापासून पलीकडून काही म्हणजे काही ऐकू येत नाही. माझंही त्यांना काही ऐकू जात नसणार. तसं माझं ऐकू जाण्यासारखं आता काही नसतंच म्हणा. केटल उकळते, रेडिओवर बातम्या लागतात, नवरा आला की आम्ही दोघं जेवणाबद्दल दोन वाक्यं बोलतो.

तुम्ही मला पहिल्यांदा ऐकलंत ते त्याच भिंतीतून. कार्डिफला येऊन मला तेव्हा सातआठ महिने झाले होते. नवरा सकाळी सातला हॉस्पिटलला जायचा आणि परत येईपर्यंत बाहेर अंधार असायचा. मला नोकरी नव्हती, ओळखी नव्हत्या, इंग्रजी यायचं पण इथल्या लोकांचं बोलणं कळायचं नाही. नागपूरला मी अकरा वर्षं गाणं शिकले होते. लग्न ठरलं म्हणून सोडलं असं मी सांगायची, पण त्याच्या वर्षभर आधीच सोडलं होतं. वरच्या षड्जाच्या जरा अलीकडे माझा आवाज फुटायचा. गुरुजींनी सगळे उपाय करून पाहिले आणि शेवटी, फार वाईट वाटून घेत, घरापुरतं गात जा म्हणाले. म्हणून घरापुरतं गायची. कणीक मळताना गुणगुणायची आणि ती जागा आली की थांबायची. एके दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला दार वाजलं. उघडलं तर तुम्ही. उंच, रुंद खांद्याच्या, पांढरे केस वर बांधलेले, कानामागे बागेतलं कॅमेलियाचं फूल. हॅलो नाही, नाव नाही, शेजारी राहते वगैरे काही नाही.

"तू रोज त्याच जागी का थांबतेस?" तुम्ही विचारलंत.

मी पिठाच्या हातांनी दारात उभी. म्हटलं, तिथे माझा आवाज फुटतो. तुम्ही म्हणालात, मग फुटू दे की, मला ऐकायचाय. आणि माझ्या बाजूने वाट काढून सरळ आत, स्वयंपाकघरात जाऊन बसलात.

मी काही गायले नाही. मग तुम्हीच गायलात, टेबलावर बोटांनी ताल धरून. खालच्या पट्टीतला जाड, उबदार आवाज चढत चढत मी जिची धास्ती घेऊन इतकी वर्षं काढली त्या जागेवर आला, आणि तुम्ही ती झाकली नाहीत. आवाज तिथे सरळ मोडला, वाळलेली काडी मोडावी तसा, आणि मोडल्यावर वरच्या अंगाला दुसराच बारीक, कोवळा आवाज निघाला. मग मुद्दाम खाली आलात आणि पुन्हा मोडलात. तुमच्या हवाईच्या भाषेत त्या मोडण्याला शब्दच होता, हा-इ. आमच्याकडे लोक तेवढं ऐकायला बसून राहतात, तुम्ही म्हणालात. तवा धुरावला होता, स्मोक अलार्म वाजायला लागला, आणि तुम्ही खुर्चीवर चढून टॉवेलने वारा घालून तो बंद केलात. तुम्हाला तेव्हा सत्तरावं चालू होतं.

तुम्ही कोण होतात ते मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं, आणि अर्धं तर तुम्ही गेल्यावरच कळलं. तरुणपणी तुम्ही होनोलुलूच्या हॉटेलांत गायचात, टुरिस्टांसाठी, इंग्रजीत. खरी गाणी घरी, अंगणात, आज्जीकडून शिकलेली. आज्जीला शाळेत स्वतःची भाषा बोलली म्हणून छडी बसायची. तिथे एका जहाजावरचा वेल्श इंजिनियर ऐकायला यायचा. त्याच्या आजोबांच्या गळ्यात शाळेत वेल्श बोलले म्हणून लाकडी पट्टी अडकवायचे, वर मार द्यायचे. तुम्ही म्हणायचात, आमचं लग्न त्या दोन मारांवर जमलं. तुम्ही त्याच्यामागे इथे वेल्समध्ये आलात, तो गेल्यावरही राहिलात, आणि तुमची मुलगी मोठी होऊन तुमच्या बेटावर परत गेली. दर गुरुवारी चॅपलच्या मागच्या हॉलमध्ये तुम्ही गाणं शिकवायचात. आठनऊ बायका, बहुतेक रिटायर झालेल्या. सगळ्या तुम्हाला टूटू म्हणायच्या, तुमच्या भाषेत आज्जी. मीही म्हणायला लागले.

तुमची शिकवायची रीत मला आधी विचित्र वाटायची. सूर शेवटी. आधी गाणं कुठलं, त्या जागी डोंगर कोणता, वारा कोणता. तुमच्या बेटावर म्हणे एकेका दरीच्या वाऱ्याला नाव आहे, आणि ते नाव माहीत नसलेल्याने ते गाणं गायचं नाही. तुम्ही मला विचारलंत, तुझ्या गावच्या वाऱ्याचं नाव काय? मी विचार करून म्हटलं, लू. उन्हाळ्यात दुपारी वाहते, माणसं मरतात तिने. तुम्हाला ते फार आवडलं. लू, लू, करत राहिलात. कार्डिफच्या खाडीवरून येणाऱ्या वाऱ्याला नाव आहे का, हे तुम्ही वर्गातल्या वेल्श बायकांना विचारलंत. कुणालाच माहीत नव्हतं, म्हणून तुम्ही स्वतःच एक ठेवलंत.

एकदाच तुम्ही माझ्यावर खरोखर चिडलात. हॉलमध्ये वसंतातला छोटा कार्यक्रम होता आणि वर्गातल्या एकीने सगळ्यांसाठी ऑनलाइन गवताचे स्कर्ट मागवले होते, हिरव्या प्लॅस्टिकचे. मला गंमत वाटली आणि मी जीन्सवरूनच तो घालून बघत होते. तुम्ही आत आलात. माझ्या कमरेची गाठ सोडलीत, स्कर्ट गुंडाळलात आणि बाहेरच्या कौन्सिलच्या कचऱ्याच्या बिनमध्ये टाकून आलात. मग सगळ्यांदेखत म्हणालात, "मी हे एकोणीस वर्षं घातलं, कारण नाहीतर मला गाऊ देत नव्हते. तुला कुणी सांगितलं होतं?" मला रडू फुटलं. तुम्ही समजूत घातली नाहीत, गाणं सुरू केलंत.

त्याच वर्षी मला दिवस गेले. बत्तिसाव्या आठवड्यात हालचाल थांबली. हॉस्पिटलमध्ये सगळे फार हळुवार वागले, तिला कपड्यात गुंडाळून माझ्याजवळ दिलं, फोटो हवेत का विचारलं. नवऱ्याने नको म्हटलं. तो स्वतः डॉक्टर, त्याला हे सगळं माहीत होतं, आणि माहीत असल्यामुळेच बहुतेक त्याला उभं राहवत नव्हतं. नंतर नोंद करायला रजिस्ट्रारकडे तोच गेला. फॉर्मवर नावासाठी जागा होती, ती त्याने रिकामी ठेवली. मी मनातल्या मनात नाव ठेवलं होतं हे त्याला माहीत नव्हतं, आणि त्याने विचारलं नाही. सासूबाई फोनवर म्हणाल्या, आता त्याचा विचार करायचा नाही, पुढच्या वेळी सगळं नीट होईल. पुढची वेळ आली नाही.

तुम्ही रोज यायचात. सूप ठेवायचात, बसायचात, जायचात. एक दिवस मी खिडकीशी बसले होते आणि बोटांवर मोजत होते. बारावा दिवस होता. आमच्याकडे बाळाचं बारसं बाराव्या दिवशी करतात, आणि माणूस गेलं तरी बारावा असतोच. दोन्ही एकाच दिवशी आलं होतं आणि घरात केटलच्या आवाजाशिवाय काही नव्हतं. हे मी तुम्हाला सांगितलं. तुम्ही विचारलंत, तिचं नाव काय?

त्या दिवसापर्यंत कुणीच विचारलं नव्हतं. मी सांगितलं. इथे ते लिहीत नाही. तुम्ही घरी गेलात, आणि दुपारी भिंतीतून तुमचा आवाज यायला लागला, अडखळत, पुन्हा पुन्हा मागे येत. संध्याकाळी परत आलात आणि माझ्या शेजारी बसून गाणं म्हणालात. चार ओळींचं. तुमच्याकडे मूल जन्मलं की त्याच्या नावाचं गाणं करतात, म्हणून तुम्ही केलं होतं. त्यात ती लूबरोबर येते आणि खाडीच्या वाऱ्यात हरवते. तुमच्या भाषेत मोजकीच व्यंजनं, र त्यात नाही. म्हणून तिच्या नावातला र गाण्यात ल झाला होता. लहान मूल स्वतःचं नाव बोबडं म्हणतं तसं. हे तुमच्या लक्षात आलं होतं का, मला माहीत नाही. मी कधी विचारलं नाही.

त्यानंतरची पाच वर्षं माझी बरी गेली, तुमच्यामुळे. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीत नोकरी लागली. आवाज मोडायला शिकले, नागपूरला जे लपवायचं ते इथे दाखवायला शिकले. गुरुवार सोडला नाही. तिच्या नावाचं गाणं मात्र मला शिकवा असं मी म्हटलं नाही आणि तुम्हीही काढलं नाहीत. कधीमधी दुपारी, सुट्टीच्या दिवशी, तुम्ही पलीकडे भांडी घासताना ते म्हणायचात. मी माझ्या बाजूला हातातलं काम थांबवून उभी राहायची. एवढंच.

मग तुमचा घसा बसला. तुम्ही म्हणालात सर्दी आहे. सहा आठवडे झाले तेव्हा मीच जीपीची, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरची, अपॉइंटमेंट घेतली, आणि पुढचं सगळं फार भराभर झालं. कॅन्सरची गाठ स्वरयंत्राच्या कूर्चेत शिरली होती. तुम्ही कधी सिगारेट ओढली नव्हती, पण एकोणीस वर्षं हॉटेलांच्या धुरात गायला होतात. सर्जन भला माणूस होता, त्याने घाई केली नाही. त्याचं म्हणणं होतं, स्वरयंत्र पूर्ण काढावं. गळ्याला पुढून कायमचं भोक राहील, श्वास तिथून. न काढता रेडिओथेरपी आणि केमो देऊन बघता येईल, आवाज काही काळ टिकेलही, पण त्या वाटेने तुम्ही जास्त जगाल असं तो सांगू शकत नव्हता. निर्णय तुमचा, तो तीनदा म्हणाला.

माझ्या स्वयंपाकघरात आलो. मी चहा ठेवला. तुम्ही त्याच खुर्चीत बसलात आणि बसलेल्या, खरखरीत आवाजात म्हणालात की तुम्हाला ऑपरेशन नको आहे. जितके महिने मिळतील तितके गाऊन घेईन आणि जाईन, नवरा वाट बघतोय. तुम्ही घाबरलेल्या नव्हतात. मग कपातून वर बघत विचारलंत, "तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?"

"काढलं असतं," मी म्हटलं.

तुम्ही म्हणालात, खरं सांग. मी म्हटलं, खरंच. जगणं मोठं, टूटू, गाणं काय, ऐकताही येतं. मी पुढेही खूप बोलले. तुमच्या मुलीचं नाव घेतलं, वर्गातल्या बायकांचं घेतलं. इतकं चांगलं मी आयुष्यात कधी बोलले नाही. मी ते काढलं नसतं, टूटू. ते तोंडातून निघत होतं तेव्हाही मला ते माहीत होतं. तुम्ही मला हव्या होतात, कशाही, गळ्याला भोक पाडून का होईना, भिंतीच्या पलीकडे हव्या होतात. तुम्ही दोन दिवस विचार केलात आणि सर्जनला हो कळवलंत.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी हॉस्पिटलच्या स्पीच थेरपिस्टने सुचवलं म्हणून आपण तुमचा आवाज रेकॉर्ड करायचं ठरवलं. तिला बोलणं हवं होतं, तुम्हाला गाणी. मी फोन टेबलावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला. तुम्ही घशाला त्रास होऊ नये म्हणून हळू आवाजात सुरुवात केलीत. आवाज चिरलेला होता, श्वास पुरत नव्हता, तरी गात राहिलात. गाण्यांच्या मधे कुठलं गाणं कुठल्या दरीचं ते सांगत होतात. मी तिथेच होते, पण मी काही ऐकलं नाही. मी फोनच्या स्क्रीनवरचे पुढे सरकणारे आकडे बघत होते, तो बंद पडू नये म्हणून. शेवटी तुम्ही तिच्या नावाचं गाणं म्हणालात. मग पाणी प्यायलात आणि म्हणालात, हे माझ्या मुलीला पाठव.

ऑपरेशन नीट झालं. सर्जन आनंदात होता. घरी आल्यावर बोलण्यासाठी दिलेलं यंत्र तुम्ही एकदा गळ्याला लावलंत, त्यातून निघालेला आवाज ऐकलात आणि खोक्यात परत घालून ठेवलंत. मी मुलांची पुसायची पाटी आणली, तीच दोन वर्षं चालली. तुम्हाला हसू आलं तर खांदे हलायचे, आवाज नाही. भांडी घासताना पलीकडे फक्त भांडी वाजायची. मला हे सगळं आधी सांगितलेलं होतं, कागदावर छापून दिलेलं होतं. एक मात्र लक्षात राहिलं नव्हतं. तुमच्या मुलीने बेटावरून सुकवलेल्या पानांची माळ पाठवली, जिला वर्षानुवर्षं वास राहतो अशी. खोकं उघडल्याबरोबर माझं स्वयंपाकघर त्या वासाने भरलं. तुम्ही माळ दोन्ही हातांनी नाकाशी धरलीत आणि वाट बघत राहिलात. श्वास नाकातून जातच नव्हता. बऱ्याच वेळाने तुम्ही ती माझ्या गळ्यात घातलीत आणि पाटी घेतलीत. लिहिलंत, "तू काढलं असतंस?"

मी मान हलवली. हो. दुसऱ्यांदा. तुम्ही माझ्याकडे बघत बाहीने पाटी पुसलीत आणि चहा हवा अशी खूण केलीत. त्यानंतर ते कधी निघालं नाही.

वर्ग तुम्ही बंद केलात, पण मला शिकवणं नाही. मी गायची, तुम्ही दोन बोटं माझ्या गळ्यावर ठेवायचात आणि आवाज मोडतो ती जागा बोटांनी ऐकायचात. मी जरा जरी गुळगुळीत केलं, जुन्या सवयीने झाकलं, की टेबलावर थाप पडायची. आजार फुप्फुसात परत आला तेव्हा तुम्ही पाटीवर तारीख विचारलीत, हिशोब लावल्यासारखी मान हलवलीत, आणि पाटी पुसून ठेवलीत. शेवटच्या दिवसांसाठी नेतात त्या हॉस्पिसमध्ये तुमची खोली बागेकडे होती. एका दुपारी मी तुमच्या पलंगाशी बसून गायला लागले. शेजारच्या खोलीचं दार उघडं होतं, नर्सेस येत जात होत्या, मला लाज वाटली आणि मी आवाज जपून, झाकून घेतला. तुमचे डोळे मिटलेले होते. पांघरुणावरचा हात उचलून तुम्ही एक थाप मारलीत, अगदी हलकी. मी थांबले. मी परत सुरू करायला हवं होतं, नीट. केलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा मी कामावरून हॉस्पिसला यायला बसमध्ये होते.

क्रेमेटोरियमला आम्ही चौदा जण होतो. अर्ध्या तासाचा स्लॉट, पुढचे लोक बाहेर उभे. तुमची मुलगी आली होती, ती राख घेऊन गेली. महिनाभराने तिने व्हिडिओ पाठवला. समुद्रकाठी माणसंच माणसं. इतकी माणसं तुम्हाला ओळखत होती हे तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. म्हातारे पुरुष उघडपणे रडत होते. एक बाई सांगत होती की तुमची रेकॉर्ड लावून तिच्या आईने तिला भाषा शिकवली, शाळेत शिकवत नव्हते तेव्हा. मग सगळे मिळून तुमचं एक गाणं गायले आणि त्या मोडायच्या जागी शेकडो आवाज एकदम मोडले. मी स्वयंपाकघरात उभी राहून ते फोनवर बघितलं. इकडे आमच्या गल्लीत तुम्ही कानामागे फूल लावणाऱ्या म्हाताऱ्या बाई होतात. पोस्टमनने मला विचारलं होतं, त्या स्पॅनिश होत्या ना?

मागच्या मंगळवारी तुमची मुलगी परत आली, वडिलांच्या थडग्याची व्यवस्था बघायला. तिचे केस आता तुमच्यासारखे पांढरे झालेत. ती माझ्याकडे जेवली. जेवताना सांगत होती, बेटावर काही तरुण मंडळी तुमची गाणी जमवतायत, जुन्या टेप्स, घरगुती कॅसेट्स, काहीही. कित्येक गाण्यांच्या ओळी आता कुणालाच पूर्ण येत नाहीत. मग ती म्हणाली की तिने तुम्हाला माफ केलेलं नाही. तुम्ही तिला ईमेल लिहिला होता, ऑपरेशनचा निर्णय माझा एकटीचा आहे, मला कुणी काही सांगितलेलं नाही, यावर वाद घालू नकोस. तिला ते कधीच पटलं नाही. जी बाई गाण्यासाठी जगली ती दोन वर्षांच्या पाटीसाठी आवाज देऊन बसते, हे तिला अकरा वर्षं कळत नाहीये. मी ताटातल्या भाताकडे बघत होते. तुम्ही मला वाचवलं होतंत, टूटू, माझं खोटं ओळखूनसुद्धा. आता तरी बोलावं, असं वाटलं. ती रागावली असती, कदाचित उठून गेली असती, पण तुमच्यावरचा राग उतरला असता. मी तिला वरण वाढू का विचारलं.

मग तिने विचारलं, "ऑपरेशनच्या आधीच्या दिवसांतलं काहीच नाही का तुझ्याकडे? एखादं गाणं, अर्धं जरी?"

"नाही," मी म्हटलं. "तेव्हा त्यांचा आवाज पार बसला होता."

फोन माझ्या ॲप्रनच्या खिशात होता. या वर्षांत मी चार फोन बदलले आणि दर वेळी सगळ्यात आधी ते रेकॉर्डिंग नव्या फोनमध्ये घेतलं. तुमच्या मुलीने निघताना मला मिठी मारली आणि तिच्या आईसाठी मी जे केलं त्याबद्दल आभार मानले. तिचा पत्ता फ्रिजवर लावून गेली आहे. हे लिहायला बसले तेव्हा वाटत होतं की हे तिलाच पाठवीन, इंग्रजीत करून. तीनचार पानं झाली आणि माझ्या लक्षात आलं की मी ते करणार नाही. हे कागद पासपोर्टच्या फाइलमध्ये जातील.

एक सांगायचं राहिलं. मला तुमच्या आवाजाची आठवण येते असं मी सगळ्यांना सांगते, आणि येतेही. पण ते रेकॉर्डिंग मी तुमच्यासाठी लावत नाही. ते एक तास चार मिनिटांचं आहे. मी सरळ शेवटाकडे जाते आणि तिच्या नावाच्या चार ओळी ऐकते, तो र-चा ल ऐकते, आणि बंद करते. तेवढ्या ओळी कापून बाकीचं तुमच्या मुलीला पाठवता येईल, हे मला कळतं. लायब्ररीत मी असलं काम रोज करते, दहा मिनिटं लागतील. पण कुठून कापायचं ते बघायला आधीचं ऐकावं लागेल, आणि ती एक तासाची तुमची गाणी मी आजवर एकदाही ऐकलेली नाहीत.